एका पितळीत दोन शेते

मित्रांनो, मी एक जुनी पितळी आहे, आणि दोन हजार तेवीस सालच्या थंडीत रबाळ्याजवळच्या एका मैदानावर मी इतक्या जोरात वाजले की माझ्या काठाला तेव्हा पडलेला पोचा अजून तसाच आहे. तो पोचा मी मिरवते. तो कसा पडला हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता घरोघरी पितळी नसते, म्हणून आधी ओळख करून देते. पितळी म्हणजे उंच काठाची, पितळेची जेवणाची थाळी. पनवेलच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले, आणि गोजराच्या लग्नात तिच्याबरोबर मी या खाडीकाठच्या गावात आले. तिचा नवरा गोटीराम तेव्हा तरणाताठा होता. खाडीलगत त्यांची भातशेती होती आणि पलीकडे मिठागरे. दुपारी गोजरा मला फडक्यात बांधून डोक्यावर घेई आणि बांधावरून चालत शेतावर येई. माझ्यात तांदळाच्या भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा असे. तांदूळ घरचाच, हाताने सडलेला, थोडा तांबूस, अंगावर कोंडा राहिलेला. गोटीराम एका बैठकीत भाकरींची चवड संपवी आणि दिवस मावळेपर्यंत चिखल तुडवी. भाकर पोटात जाऊन पुढे तिचे काय होते, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडत नसे. ती त्याच्या दंडातून कुदळीत उतरताना दिसत असे.

मग शहर आले. शेते गेली, तिथे इमारती झाल्या. आमच्या घरावरही भाड्याच्या खोल्या चढल्या. गोटीराम ओटीवर खुर्ची टाकून बसू लागला. दुकानातला तांदूळ पांढराशुभ्र झाला. बदलली नाही ती एकच गोष्ट, त्याची भूक. पुढे त्याला मधुमेह जडला आणि डॉक्टरांनी भात-भाकरी मोजून खायला सांगितली. तो मान डोलवून आला आणि जेवायला बसला.

जेवायला तो एकटा बसत नसे. त्याची नात सुचिता लहान असताना कोणाकडूनही घास घेत नसे, म्हणून आजाने तिला मांडीवर घेऊन माझ्यातून भरवले. ती नववीत गेली तरी दोघे माझ्यातच जेवत. तिचे आईवडील कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात, रात्री उशिरा परतणारे. त्यामुळे घरात आजा, आजी आणि नात, आणि आजा-नातीच्या मध्ये मी.

सुचिता कबड्डी खेळे. गावच्या मुलींच्या संघाची चढाई तिच्यावर असे. ती समोरच्या संघाच्या अंगणात शिरली की गोटीराम मला मांडीवर घेऊन लोखंडी पळीने वाजवी. माझा आवाज ऐकला की तिचा पाय हलका पडतो, असे ती म्हणे. मला किती आनंद होत असेल, तुम्हीच सांगा.

त्या वर्षीच्या स्पर्धेतून जिल्ह्याच्या संघात मुली निवडल्या जाणार होत्या. सुचिताला त्या संघात जायचे होते. दुसरे काहीच नको होते. पण स्पर्धेआधी मोरा गावी सरावाचा सामना झाला आणि तिथल्या संघाची कप्तान तिला पाहून मोठ्याने म्हणाली, "आलं बग भाताचं पोतं. धरा गं." सगळे मैदान हसले.

सुचिता घरी आली. बराच वेळ मोबाइलवर काहीबाही पाहत बसली. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने आपली भाकर आजाच्या बाजूला सरकवली.

"काय झाला, बाय?" गोटीरामने विचारले.

"आजा, मी कार्ब्स बंद केलेत. भात नाय, भाकर नाय. आजीला नको सांगू."

"कार्ब म्हंजे काय ता?"

"हेच. ज्याच्याने माणूस पोतं होतो."

गोटीरामने भाकरीकडे पाहिले. गोजराने त्याला मोजून वाढलेली भाकर कधीच संपली होती. "मंग हिचा मी काय करू?"

"खा ना. टेन्शन नको घेऊस."

मित्रांनो, त्याने टेन्शन घेतले नाही. नातीवर त्याची माया फार आणि भाकरीवरही फार. दोन्हींत मोठी कोणती, हे इतकी वर्षे त्याच्या पुढ्यात राहूनही मी सांगू शकत नाही. रोज तिची भाकर तो खाई, तिचा भातही तोच खाई, आणि मी मोरीत जाई ती लख्ख रिकामी. गोजरा मला पाहून खूश होई. मी सगळे जाणत होते, पण मला बोलता कुठे येते? मी वाजवली तरच वाजते.

उपांत्य सामन्याच्या दिवशी सुचिता पहिल्या अर्ध्यात वाऱ्यासारखी खेळली. दुसऱ्या अर्ध्यात तिचे पाय जड झाले. चढाईला गेली, मध्येच थांबली, डोळ्यांवर हात धरला आणि खाली बसली. गोटीरामच्या हातातली पळी तशीच राहिली. बाकीच्या मुलींनी जिवाच्या आकांताने सामना राखला, म्हणून संघ कसाबसा अंतिम फेरीत गेला.

गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर सुमेधा मैदानावर प्रथमोपचाराला बसल्या होत्या. त्यांनी सुचिताला तपासले, साखरपाणी पाजले आणि विचारले, "जेवतेस ना नीट?"

उत्तर गोजराने दिले, तेही तोऱ्यात. "आजा नि नात एका ताटात जेवतान, डॉक्टरीनबाय. ताट रोज साफ असतं."

डॉक्टरांनी गोटीरामकडे पाहिले. "आजोबा, तुमची साखर परवा वाढलेली निघाली. एकाच ताटात जेवून तुमची साखर चढते आणि हिला चक्कर येते. हे कसं काय?"

गोटीराम माझ्या काठावरची धूळ पुसू लागला. तिथे धूळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोऱ्याला त्याच्या भाचीची हळद होती. तो तिकडे गेला. दुपारी सुचिता एकटीच माझ्यात जेवली. मासा खाल्ला, भाजी खाल्ली आणि सवयीने भाकर पलीकडे सरकवून उठली. पलीकडे कोणी नव्हते. गोजरा मला उचलायला आली, तेव्हा भाकर आणि भाताची मूद जशीच्या तशी होती. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. तिला सगळे कळले.

गोटीराम परतला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "हळदीचा जेवान कसा होता? का तिथंबी कोनाची भाकर उष्टी ऱ्हायली?"

त्याने चपला काढायला उगाच फार वेळ लावला.

संध्याकाळी डॉक्टर सुमेधा घरी आल्या. त्यांनी मला मध्ये ठेवले आणि दोघांना समोर बसवले.

"सुचिता, भात, भाकर, बटाटा, केळं, डाळ या सगळ्यांत कर्बोदकं असतात. तू ज्यांना कार्ब्स म्हणतेस, तीच. पोटात गेल्यावर बहुतेकांची साखर होते आणि ती रक्तातून अंगभर जाते. धावताना पाय ती जाळतात, विचार करताना मेंदूही तीच वापरतो. तू चढाईला निघालीस आणि चूल विझवून ठेवलीस."

"मग आजाला का नाही चालत?" सुचिताने विचारले.

"चालतात. पण त्यांचं शरीर ती साखर नीट वापरू शकत नाही, आणि आता ते चिखलही तुडवत नाहीत. त्यांना थोडी, आणि सोबत भाजी, डाळ, मासा. तांदूळ कोंड्याचा मिळाला तर उत्तम, तो हळूहळू पचतो. भाकर कोणाची दुश्मन नाही. कोणाला किती, एवढं बघायचं."

"म्हंजे माजी भाकर तिला नि तिचा पाला मना," गोटीराम म्हणाला.

"पाला दोघांना," डॉक्टर म्हणाल्या.

त्या रात्री गोजराने बाजारातून आणलेली स्टीलची दोन ताटे मांडली आणि मला पोटमाळ्यावर टाकले. खोटे सांगत नाही, मित्रांनो, मला फार वाईट वाटले. रोज साफ दिसून मीच तर तिला फसवले होते. वर अंधारात, फुटक्या बादलीशेजारी बसून मी खालचे आवाज ऐकत असे. सुचिता भाकर मागून घेत होती. गोटीराम मेथीच्या भाजीबद्दल कुरकुरत होता, पण खात होता. सकाळी खाडीच्या बाजूला फिरायलाही जाऊ लागला होता.

अंतिम सामन्याच्या दिवशी मात्र तो शिडी लावून वर आला. "पितळीशिवाय म्याच कसला?" असे म्हणत त्याने मला काखोटीला मारले.

समोर मोऱ्याचाच संघ होता. काय सामना झाला तो. कधी त्या पुढे, कधी आमच्या मुली. शेवटच्या चढाईला दोन्ही संघांचे गुण सारखे आणि सुचिता निघाली. गोटीराम मला बडवू लागला. तिने डावीकडची एक मुलगी टिपली आणि वळली, तोच मोऱ्याच्या कप्तानने तिचा घोटा धरला. सुचिता आडवी पडली. आठवड्यापूर्वी इथेच तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला होता. आज तिने एका कोपरावर जोर दिला, त्या कप्तानसकट स्वतःला ओढत नेले, आणि तिची बोटे मध्यरेषेच्या पलीकडे गेली.

त्याच क्षणी गोटीरामची पळी माझ्या काठावर बसली. हा बघा पोचा.

मोऱ्याची कप्तान धापा टाकत उठली. "काय खाऊन आलीस गं?"

"भात," सुचिता म्हणाली. "पोतंभर."

दोघी हसत सुटल्या.

रात्री गोजराने स्टीलची ताटे काढली, तर गोटीरामने ती बाजूला सारली आणि मला पुढे घेतले. मग माझ्या मधोमध त्याने मेथीच्या भाजीचा लांबलचक बांध घातला, जसा पूर्वी शेतात घालायचा. पलीकडे भात आणि दोन भाकरी, इकडे अर्धी भाकर आणि डाळ.

"ता तुजा शेत, हा माजा," तो म्हणाला. "बांध फोडाचा नाय."

"आणि बांध कोण खाणार?" सुचिताने विचारले.

"दोघांनी. आपापल्या बाजूनी."

आता त्या सगळ्यांचे पुढे काय झाले, तेही सांगते. सुचिता जिल्ह्याकडून खेळली आणि सध्या अकरावीत आहे. मोऱ्याची कप्तान तिच्याच संघात आली आणि सुट्टीत आमच्याकडे जेवायला येते. डॉक्टर सुमेधा दवाखान्यात ताटात बांध कसा घालायचा ते लोकांना दाखवतात. गोटीरामची साखर डॉक्टरांना पटेल इतकी उतरली आहे आणि त्याच्या चालण्याला पुन्हा जोर आला आहे. गोजरा अजून ताट उचलायला येते. पण ते साफ आहे का, हे ती आता पाहत नाही. कोण कुठल्या बाजूने जेवले, ते पाहते.

आणि मी? मला दरवर्षी आतून कथलाची कल्हई होते, म्हणून आंबट कालवणाची मला भीती नाही. पण माझी एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या ताटात काय नको हे ठरवण्याआधी, उद्या तुम्हाला किती धावायचे आहे ते मनात आणा. आणि शेजारी जो जेवत असेल, त्याच्या बाजूलाही एकदा पाहा.