भलत्या लग्नातला बँड

एपिसोड सुरू झाला तो बासरीनं. मयताच्या घरीही कुणी वाजवू नये इतकी रडवेली बासरी, आणि तिच्यावर मुलाखत घेणाऱ्या अनुपमाचा मऊ आवाज: “आज ऐकू या एका वेदनेची कहाणी.” समता कणीक मळता मळता थांबली. बाबांची कादंबरी वेदनेची नव्हतीच. ती वरवट बकाल गावच्या एका बँड पार्टीची होती. ही पार्टी भलत्याच गावच्या लग्नात शिरते आणि भलत्याच नवरदेवापुढे जीव तोडून वाजवते. हस्तलिखित वाचताना समता एवढी हसली होती, की मेहकरच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी तिला पाणी आणून दिलं होतं.

बाबा म्हणजे डोणगावचे कचरू सर. शाळेतून निवृत्त झाल्यावर लिहिलेली ही त्यांची पहिलीच कादंबरी. पुण्याच्या पॉडकास्टनं मुलाखत घेतली, आणि एपिसोड यायच्या आतच ते गेले. छातीत कळ आली, मेहकरला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मुलाखतीच्या वेळी समता त्यांच्या शेजारीच बसली होती. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी अनुपमाची पद्धत ठरलेली होती. हेडफोन लावून तिच्याशी बोलायचं, आणि दुसऱ्या एका फोनवर फक्त आपला आवाज रेकॉर्ड करून नंतर पाठवून द्यायचा. आवाज नको म्हणून समतानं पंखा बंद केला होता, चादरीच्या घडीवर रेकॉर्डिंगसाठी बाबांचा फोन ठेवला होता. बाबा घामाघूम झाले, पण तासभर रंगून बोलले. “इनोद एक वाक्य आधी आला का मेलाच समजा. तिसरं प्रकरण मी लिवलं का फाडो, लिवलं का फाडो, तवा कुठी त्यात जीव आला.” मध्येच म्हणाले, “माह्या नावाचं राहू द्या मॅडम. बँडचं इचारा.”

यातलं अक्षरही एपिसोडमध्ये नव्हतं. कचरू हे नाव का ठेवलं, शाळेत कुठं बसवायचे, उपाशी झोपताना काय वाटायचं, एवढंच ठेवलं होतं. प्रत्येक उत्तराखाली बासरी. शेवटी अनुपमा म्हणाली, “हे हसू म्हणजे दडवलेला हुंदकाच.”

समतानं त्याच दुपारी तिला फोन लावला.

“समताताई, मी तुम्हाला करणारच होते,” अनुपमा म्हणाली. “काय प्रतिसाद आहे. लोक अक्षरशः रडताहेत.”

“पुस्तक विनोदी आहे.”

“हो, पण त्यामागचा संघर्ष...”

“गेल्या महिन्यात तुमच्याकडे एक कादंबरीकार आले होते. तुम्ही त्यांना विचारलंत, निवेदक असा का निवडला, सुरुवात मधूनच का केली. ते लहानपणी कुठं बसायचे ते नाही विचारलं.”

“पण सरांनी सांगितलं ते खरंच आहे ना?”

“खरं आहे. त्यांनी पुस्तक त्याच्यावर लिहिलं नाही.”

“बाकीचं थोडं टेक्निकल होतं हो.”

“इतरांचं टेक्निकल चालतं तुम्हाला. पूर्ण मुलाखत टाका.”

“एडिटनंतर आम्ही मूळ फाइल ठेवत नाही. त्यापेक्षा आपण श्रद्धांजलीचा एपिसोड करू. मुलगी म्हणून तुम्ही त्यांचा प्रवास सांगा.”

“प्रवास नको. आणि आहे तो एपिसोड काढा,” समता म्हणाली. आवाज चढू न देता तिनं फोन ठेवला.

बाबांसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम डोणगावला घरापुढच्याच मांडवात होता. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग भाषणं सुरू झाली. सरांनी समाजाची व्यथा मांडली, सरांनी दुःखाला वाचा फोडली. समता एकेकाच्या तोंडाकडं पाहत बसली. यांतल्या एकानंही पुस्तक उघडलेलं नव्हतं. पुण्याच्या बाईवर रागावणं सोपं होतं, इथं कुणाला काय बोलणार?

शेवटी चुलतभाऊ प्रसेनजितनं स्पीकरला मोबाइल जोडला. बासरी सुरू झाली. समता उठली आणि तिनं वायरच उपटली.

“ताई, काऊन? हजारो लोकं ऐकून राह्यले बाबाले.”

“बाबाले नाही ऐकून राह्यले,” ती म्हणाली. “दुसऱ्याच कोणाले ऐकून राह्यले.”

“लोकाईसमोर शोभते का हे?”

“त्याहीचा आवाज ऐकू दे वं मले,” आई, अन्नपूर्णाबाई, खाली सतरंजीवरून म्हणाली.

“ऐकवतो आई. पुरा ऐकवतो,” समता म्हणाली.

तिनं बाबांचा फोन जोडला. मुलाखतीच्या दिवशीचं रेकॉर्डिंग त्यात तसंच होतं, पण त्यात अनुपमाचे प्रश्न नव्हते. बाबा बोलत, मग नुसती शांतता, मग पुन्हा बाबा. लोक चुळबुळू लागले. प्रसेनजितनं मान खाली घातली. समताला वाटलं, आपण बाबांचं आणखी हसं केलं.

“ढोलवाला मी कोणावरून लिवला नाही,” स्पीकरमधून बाबा म्हणाले. “थो पुरा मनातला हाय.”

“खोटं बोलून राह्यला,” मागून भाऊराव म्हणाले. भाजीपाल्याची शेती करणारे हे बाबांचे जुने मित्र तरुणपणी बँडमध्ये ढोल वाजवत. “ढोल नदीत सोडून देणारा मीच ना बे. गावाले माईत हाय.”

कुणीतरी फिसकन हसलं.

“लोकं म्हनतीन, भलत्या लग्नात बँड जाईन कसा,” बाबा सांगत होते. “मी म्हनतो, जाते. नवरदेवाचं तोंड मुंडावळ्यात झाकलेलं रायते. पायते कोण?”

“बायका पायतात,” म्हाताऱ्या सत्यभामाबाई ठसक्यात म्हणाल्या. “कोणाचा नवरदेव कोण, बायकाईले लगेच समजते.”

“मी तवाच म्हनलं होतं त्याहीले,” आई म्हणाली. पदर तोंडाला लावून ती हसत होती. “ऐकते कोण माहं.”

“अवो, पण वाजवणाऱ्याचं ध्यान नवरदेवाकडं रायतच नाही,” भाऊराव उठूनच उभे राहिले. “जेवणाकडं रायते. कचरूनं हे लिवाले पायजे होतं. लिवलं का वं समता?”

“लिवलं काका. पाचव्या प्रकरणात.”

“कसं लिवलं?”

मग एकदम दोघं-तिघं बोलू लागले, सत्यभामाबाई आपलं म्हणणं सोडेनात, आणि त्या गलक्यात बाबा ऐकूच येईनात. समतानं रेकॉर्डिंग थांबवायला हात पुढं केला.

“थांबवतं काऊन?” भाऊराव तिच्यावर करवादले. “बोलू दे त्याले. मी त्याले जवाब देऊन राह्यलो.”

तिनं हात मागं घेतला आणि आवाज वाढवला.