गुळगुळीत झालेल्या कानशीची कबुली

मित्रांनो, तुम्हाला माझी कीव यावी म्हणून मी ही हकिकत सांगत नाही. पादत्राणे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानातली मी जुनी कानस आहे, आणि माझ्याकडून एक अपराध घडला आहे. वस्तू कसला अपराध करणार, असे तुम्ही म्हणाल. आधी ऐका, मग बोला.

कारखान्यात माझ्या पोलादी अंगावर ओळीने दात पाडले. मग लालबुंद तापवून मला एकदम गार पाण्यात बुडवले. त्या चटक्याने दात कडक झाले आणि माझा स्वभावही. तिथून मी एका दुकानात आले. ते रस्त्यापासून सात-आठ पायऱ्या खाली होते. तिथल्या खिडकीतून माणसे दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात. दुकानाचे मालक बूट परत देताना प्रत्येकाला म्हणत, "पक्कं झालंय. डोळे मिटून चाला!" म्हणून सारे त्यांना पक्केकाका म्हणत.

माझे काम सांगते. नवा रबरी तळ साच्यातून निघतो तेव्हा त्याच्यावर चकाकी असते. दिसायला ती छान, पण भारी लबाड. तिच्यावर सोल्युशन, म्हणजे तळ चिकटवायचा द्रव, धरत नाही. ती खरवडून रबर खरखरीत करायचे, हे माझे काम. मग धूळ झाडायची, बुटाला आणि तळाला सोल्युशन लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि दोन्ही जुळवून लोखंडी तिवईवर हातोडीने ठोकायचे. बाहेर आलेले रबर रापीच्या रुंद पात्याने कापले की कडा सारख्या करायला पुन्हा मी. वर काळा रंग चढला की जोड शोधूनही सापडत नसे.

वीस वर्षे मी हे केले. काका मला कुणाला उसनी देत नसत. "बायको रुसली तर समजूत काढता येते, ही हरवली तर काय करू?" असे ते म्हणत, आणि काकू आतून "ऐकतेय मी!" म्हणून ओरडत. माझ्या अंगावर मात्र अगदी मूठभर मांस चढे.

पुढे काकू गेल्या. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. मग सून दुकानात येऊ लागली. सोल्युशन लावायचे काम तिने उचलले. तिचा हात जपून चाले. ती कडेपर्यंत पातळ थर देई आणि बोटाच्या पाठीने तपासल्याशिवाय तळ जोडत नसे. दोन वर्षांत गिऱ्हाइके काकांच्या आधी तिला हाक मारू लागली. काकांना ते आवडे की बोचे, हे मला कधी कळले नाही.

एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, ही कानस आता नुसती फिरते, घासत नाही. मी आणलेली नवी काढू का?"

"राहू दे. जुनं ते सोनं. असलं पोलाद आता मिळत नाही."

खरे ती बोलत होती. माझे दात केव्हाच झिजले होते. पूर्वी रबरावर माझा खरखर आवाज येई, आता नुसती सुळसुळ. हे माझ्याइतके कुणाला ठाऊक होते? पण नवी कानस कागदातच राहिली याचा मला आनंद झाला. होय मित्रांनो, आनंद झाला. त्याची मला आज लाज वाटते.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या एक सिस्टर बूट घेऊन आल्या. दिवसभर जिने चढायचे, तळ पार झिजलेले. काकांनी मला नव्या तळांवरून फिरवले. मी घसरले. त्यांनी जोर लावला, मी पुन्हा घसरले. त्यांनी फुंकर मारली आणि तळ सुनेकडे सरकवले.

बारा दिवसांनी सिस्टर परत आल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात बुटांची पिशवी. जिना उतरताना एक तळ पुढून सुटून दुमडला होता.

"डोळे उघडे ठेवूनच चालत होते हो, काका," त्या म्हणाल्या.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. काकांचा चेहरा पडला. ते सुनेकडे वळले.

"किती वेळा सांगितलं, सोल्युशन सुकू दे! पण नाही. दोन दिवसांत उस्ताद व्हायचंय."

"बाबा, मी थांबले होते."

"मग काय भुतानं सोडवला तळ?"

तिने हात पुसले, एप्रनची घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिवणकामाच्या कारखान्यात कामाला जाते, असे तिने काकांना कळवले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर मी होते, आणि खिळ्याला आरामात लटकले होते.

सिस्टरचे बूट दुरुस्तीला घेताना काकांनी न सुटलेला तळही ओढून पाहिला. तो अख्खाच्या अख्खा हातात आला. सोल्युशनचा थर बुटाला सारखा, छान चिकटलेला होता. तळ मात्र कोरा होता. चकाकी तशीच, साच्यात उठलेला मापाचा सातचा आकडाही स्पष्ट वाचता येत होता. काकांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. अंगठ्याला साधा ओरखडा उठला नाही.

त्यांना सगळे कळले. तरी ते चार दिवस मूग गिळून बसले. नव्या कानशीने त्यांनी तळ घासले, चिकटवले, रंगवले. मी भिंतीवरून बघत होते. सासऱ्याने सुनेची माफी मागायची म्हणजे काय, हे त्यांना उमजत नव्हते.

सिस्टर बूट न्यायला आल्या. "या वेळी सुनेला हात लावू दिला नाहीत ना?" त्यांनी हसत विचारले.

काकांनी बुटांच्या नाड्या सारख्या करून ठेवल्या. मग म्हणाले, "दोन मिनिटं बसाल? तुमच्यासमोर बोललो होतो, तुमच्यासमोरच फेडायला हवं." त्यांनी सुनेला फोन करून बोलावून घेतले. ती पायरीवरच उभी राहिली, आत आली नाही.

"सिस्टर, हिचं काम चोख होतं," काका म्हणाले. त्यांनी मला खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवले. "मी तळ घासलेच नव्हते. कानस गेली होती, आणि हिनं मला ते सांगितलं होतं. पडलात तुम्ही माझ्यामुळे, आणि बोलणी खाल्ली हिनं."

सुनेचे डोळे भरले. "त्या दिवशी एवढं म्हणाला असतात तर, बाबा," ती म्हणाली, "मी शिवणकाम धरलंच नसतं. आता वर्षाचा करार केलाय."

ती तशीच कामावर परत गेली. रविवारी मात्र येते, आणि त्या दिवशी काका रांगेतला पहिला तळ तिच्यासाठी ठेवतात. सिस्टरचे मनगट थंडीत अजून दुखते. मला कुणी काहीही बोललेले नाही, याचाच मला जास्त त्रास होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे आमच्यातले सगळे सांगतात. मी ते सांगणार नाही. आमचे काम संपले की आम्हाला खाली ठेवा. आमच्यावर माया जरूर करा, पण त्या मायेपायी खरे बोलणाऱ्या माणसाला खोटे पाडू नका.