मेणातले दात

कवळी पक्की करण्याआधी मी दात मेणात बसवून गिऱ्हाइकाच्या तोंडात घालते आणि त्याला बोलायला लावते. उच्चार नीट निघतात की शिट्टी वाजते, ते डोळ्यांना नाही, कानांना कळतं. त्या म्हाताऱ्यालाही तसंच बसवलं. आला तेव्हा बोळक्या तोंडानं काय पुटपुटत होता ते त्याचं त्याला ठाऊक. परवा त्याचा सत्कार होता, भाषण ठोकायचं होतं, म्हणून घाई.

"काहीही बोला, आजोबा," मी म्हणाले.

"सुप्रभात, श्रोतेहो. आज सगळीकडे स्वच्छ ऊन आहे."

मी लगेच ओळखलं. आमच्या जमातीला कीड म्हणणारा, ती कीड कुठल्या गल्लीत उरली आहे ते रोज सकाळी रेडिओवरून सांगणारा तोच आवाज. तो ऐकून शेजारचा सुतार, आमच्याच अंगणात खेळून मोठा झालेला, तासणी घेऊन आला. आई गेली, दोन्ही भाऊ गेले. मी आजोळी होते म्हणून वाचले. सुतार तुरुंगात सडून मेला, हा मात्र नामानिराळा. आणि त्या आवाजाला आज मीच माझ्या हातांनी दात दिले होते.

मी कोण ते त्याला सांगितलं आणि विचारलं, का? वरून कागद यायचा, मी वाचायचो, म्हणाला. हुकमाचे ताबेदार सगळेच असतात, तेवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. मेण कापायची सुरी माझ्या हातातच होती. त्यानं ती पाहिली.

"पहिल्या दिवशी कागद नव्हता, बाई," तो म्हणाला. "तुमच्या लोकांवर मी एक विनोद केला, साधाच. गाव हसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनाच आणखी हवा होता. वर्षभर हसल्यावर मारायला हात कचरत नाही. कुणी हसलंच नसतं, तर मी हवामान सांगत राहिलो असतो."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, आणि त्यात माझं घर गेलं. संताप डोक्यात गेला. सुरी खाली ठेवली, त्याच्या तोंडातून कवळी ओढून काढली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मेण वितळून दात एकेक करून ताटलीत पडू लागले. तो हात जोडून उठला.

"फत्काल आए ओ... फरवा..."

"मोठ्यानं बोल," मी म्हणाले. "लोकांना ऐकू दे."

तो तेच ओरडला आणि मला हसू फुटलं. बाहेर बाकावर दोघं थांबले होते, ते दारात आले. त्याची लपलपणारी जीभ त्यांनी पाहिली आणि काय झालं, कोण आहे, काही न विचारता तेही खो खो हसत सुटले.

"आजोबा, पुन्हा म्हणा ना," त्यातला एक म्हणाला.

मी त्यांना थांबवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.