सात लाल धागे

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा खिडकीजवळच्या फळीवर होतो. खाली माझे मालक फाटक्या चपलेला सरस लावत बसले होते. पुस्तकबांधणीत जन्म गेलेला माणूस, चप्पलही पुस्तकासारखीच चिकटवायचा.

लेक नवी चप्पल घेऊन आली.

"परत करून ये. ही अजून वर्षभर जाईल."

"बाबा, तळाला भोक पडलंय!"

"पडू दे. वारा लागतो."

तिने कपाळावर हात मारला आणि भावाला फोन लावला. त्यांच्यासमोरच इंग्रजीत बोलू लागली. त्यातला एक शब्द मी लगेच ओळखला. स्किनफ्लिंट. म्हणजे महाचिक्कू.

"काय म्हणालीस गं?"

"काही नाही. ऑफिसचं."

मी मूळचा रद्दीतला. पानं सुटलेली, पाठ गेलेली. मालकांनी मला उचलून आणलं, लाल धाग्याने शिवलं, उरलेल्या कापडाचं कव्हर चढवलं आणि शाळकरी लेकीच्या हातात दिलं. फुकटात भागलं म्हणून स्वारी खूश! तिला दुकानातला कोरा हवा होता. तरी दहा वर्षं तिने मला अंतर दिलं नाही. इंग्रजीत ती पहिली आली तेव्हा बाईंनी माझंही कौतुक केलं. पुढे तिला मोबाइल मिळाला आणि मला धूळ.

मग मालकच मला उघडू लागले. ती घरी गेली की ते चष्मा पुसत आणि ऐकलेला शब्द अक्षर अक्षर जुळवून शोधत. मायझर. स्टिंजी. चीपस्केट. अर्थावर बोट ठेवून वाचत आणि त्या पानात लाल धाग्याचा तुकडा ठेवत. तोही कापून उरलेलाच. तिला कधी चकार शब्द बोलले नाहीत.

मला तिचा राग यायचा, कारण ते शब्द मीच तिला शिकवले होते. त्यांचाही यायचा. तिच्या वर्गाची सहल निघाली तेव्हा हा माणूस "खिडकीतून काय कमी दिसतं?" म्हणाला होता.

त्या संध्याकाळी स्किनफ्लिंटच्या पानात सातवा धागा पडला. सकाळी मालक उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी लेक घर आवरायला आली. तिने मला रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि धागे तिच्या नजरेस पडले. एकेक पान उघडत गेली. सातव्या पानाशी ती जमिनीवरच बसली. शेजारी नवी चप्पल खोक्यात तशीच होती.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला वाळवीपासून जपा, एवढंच मी एरवी मागितलं असतं. आज आणखी एक मागतो. समोरच्याला कळू नये म्हणून माझ्यातला शब्द उचलू नका.

रिकाम्या खोलीत ती मोठ्याने, मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही कंजूष होतात. फार कंजूष. कळत होतं ना सगळं? मग ओरडायचं होतं माझ्यावर. मला तुमच्याशी भांडायचं होतं हो."