केरबाला पाणी पाजू नका

मी केरबा बोलतोय. अंगानं रबर-प्लास्टिकचा आणि धंद्यानं पेशंट. कळंब्याच्या वाटेवर एक नर्सिंग कॉलेज आहे, तिथल्या सरावाच्या खोलीत खिडकीकडची खाट माझी. माझी छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, मॅडमनी रिमोट दाबला की घसा घरघरतो. नर्स होणाऱ्या पोरी खऱ्या माणसाला हात लावायच्या आधी माझ्यावर हात बसवतात. आठवड्यात मी जितक्या वेळा मरतो तितकं कुणी मरत नसेल. तक्रार नाही. इथं चुकलं की मी उठून पुन्हा आडवा होतो. वॉर्डात तशी सवलत नाही.

माझ्या बोलण्याला दुकानाचा वास येत असेल तर सांभाळून घ्या. इथं येण्याआधी मी शाहूपुरीत त्र्यंबकशेठांच्या सर्जिकल सामानाच्या दुकानात, काचेमागं, कुबड्या आणि व्हीलचेअरच्या मधे बसून होतो. एकदा एक म्हातारबा आले. मला रामराम घालून म्हणाले, "पावणं, गुडघ्याचा पट्टा हाय का?" मी गप्प. त्यांनी परत विचारलं, मी परत गप्प. तेव्हा ते शेठना म्हणाले, "नोकर लई माजुरी ठेवलायसा!" शेठनी हसू गिळलं, मलाच चार शब्द सुनावले आणि पट्टा काढून दिला. गिऱ्हाईक समाधानानं गेलं.

पुढं कॉलेजला तपासणी येणार होती म्हणून मला घेतलं. तपासणी झाली आणि मी पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत. किमती वस्तू आपल्याकडं अशीच वापरतात, टीव्हीच्या रिमोटवरचं कव्हरसुद्धा काढत नाहीत. खंडेनवमीला तेवढं पिशवीवरूनच कपाळाला हळदकुंकू लागायचं.

मग अवंतिका मॅडम शिकवायला आल्या. त्यांनी कात्रीनं पिशवी उभी फाडली. "मोडला तर मी बघते. हात लावा गं पोरींनो." पोरींनीच मला केरबा हे नाव दिलं.

त्या पोरींत एक शिवानी होती, पेठ वडगावची. हात कसा म्हणाल, तर सुई टोचली तरी मला कळायचं नाही. (मला तसंही कळत नाही, पण मॅडमही तेच म्हणायच्या.) आवाज मात्र इतका बारीक की पंखा चालू असला तर ऐकू यायचा नाही.

एके दिवशी ती वॉर्डातून रडतच आली. बेशुद्ध माणूस आणला होता. शिवानी खाटेपाशी उभी असताना त्याच्या आत्यानं त्याच्या तोंडात पाणी ओतलं. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत उतरतं. हे शिवानीला पाठ होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. माणूस काळानिळा पडला. मोठ्या सिस्टर धावल्या, नळीनं पाणी ओढून काढलं, म्हणून वाचला. "तुला तोंड नाही का गं?" असं त्या सगळ्यांसमोर ओरडल्या.

शिवानीनं घरी वडिलांना फोन लावला. "दादा, मला न्यायला या. मला न्हाई जमत हे." वडील शनिवारी संध्याकाळी येतो म्हणाले.

मॅडमनी तिला अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "शनिवारी दुपारी एकदा केरबाकडं ये. मग जा."

शनिवारी मॅडमनी मेसमधल्या चिमणामावशींना बोलावून ठेवलं. "तुम्ही ह्याची आई. फक्त रडायचं."

"रडायला काय लागतंय? कांदा चिरूनच आलोय की," मावशी म्हणाल्या. पण येताना त्यांनी स्वतःच्याच अकलेनं मेसमधला पाण्याचा तांब्या आणला होता.

खेळ सुरू झाला. मी बेशुद्ध. शिवानीनं मला कुशीवर वळवलं, श्वास बघितला, सगळं बरोबर. तेवढ्यात मावशी आत घुसल्या. "आगं माझ्या लेकराचा घसा सुकलाय! घोटभर पाजतो की!"

"मावशी... नको ना..." शिवानी पुटपुटली.

मावशींनी ओतलेलं पाणी घशातून थेट छातीत. आतल्या स्पीकरनं एकदा चर्र केलं आणि माझा आवाज कायमचा बसला.

"पेशंट गेला," मॅडम म्हणाल्या.

"गेला? घोटभर पाण्यानं?" मावशींचं तोंड उघडंच राहिलं.

मॅडम चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून शिवानीसमोर बसल्या. "काय झालं आत्ता?"

"मोठ्या माणसाचा हात कसा धरायचा, मॅडम? घरात आज्जीसमोर मी मान वर करत नाही."

"ते मी सांगून येणार नाही. परत करू."

दुसऱ्या वेळी शिवानी जोरात ओरडली, "नातेवाईकांनी कृपया बाहेर थांबावं!"

"माझ्या पोराजवळनं मला हाकलतीस व्हय गं? तू कोण टिकोजीराव?" मावशींनी तिला बाजूला सारलं आणि तांब्या माझ्या ओठाला लावला.

आणि शिवानीनं त्यांचं मनगट पकडलं. पुस्तकी बोली गेली, वडगावची बोली आली. "मावशी, पाणी छातीत जाईल. गुदमरंल त्यो. तांब्या खाली ठेवा. ह्यो हात धरा, नाव घेऊन हाक मारत ऱ्हावा. डोळं हललं की मला सांगा. एवढं तुमीच करायचं."

मावशींनी तांब्या ठेवला. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "केरबाऽऽ, आरं केरबाऽऽ!"

दुकानात बसून मी हेच शिकलो होतो. गिऱ्हाईकाला नुसतं 'नाही' म्हटलं की ते भांडतं. त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. आईच्या हातातला तांब्या काढायचा, तर तिथं लेकाचा हात ठेवायला हवा.

शिवानीनं बाहेर जाऊन फोन लावला. "दादा, नका येऊ. मी ऱ्हातोय."

सगळे पांगल्यावर चिमणामावशी पदरानं माझं तोंड पुसत बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "केरबा, आमच्या मालकांनाबी मी असंच पाजलं रं. शेतातनं आणलं तवा डोळं मिटलेलं हुतं. मला वाटलं, तहान लागली असंल."

शिवानी दारातच उभी होती. आत येऊन त्यांच्याशेजारी बसली. "तवा तुमाला कुणी सांगितलंच न्हवतं, मावशी."

मावशींनी माझ्या हनुवटीवरचं उरलेलं पाणी टिपलं. मग तांब्या उचलून उठल्या. "फुडच्या शनवारी कुठल्या पोरीचा नंबर हाय? बोलवा तिला. मी काय सोडणार न्हाय."

आणि खरंच सोडत नाहीत. त्या पाया पडतात, शिव्या देतात, खाटेवर चढतात. परवा एकीला म्हणाल्या, "देवाचं तीर्थ हाय, ह्याला बी न्हाई म्हणतीस?" पोरगी गडबडली, मी मेलो, आणि मावशीच तिच्यावर खेकसल्या, "तीर्थ झालं म्हणून काय, ते बी पाणीच की! चल, परत!"

आता मला आवाज नाही. घशाला ठिगळ आहे, छातीतली फुप्फुसाची पिशवी सारखी बदलावी लागते. मॅडम पडद्याआडून माझ्या वाटणीचं खोकतात. शिवानी वारणानगरकडच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली आहे. मी अजून चिकार टिकणार आहे, निदान ह्या कॉलेजातली प्रत्येक पोरगी माझ्या खाटेपाशी उभी राहून जाईपर्यंत तरी.

तेव्हा नवीन आलेल्या मुलींनो, माझी काळजी करू नका. मी कितीही वेळा मरायला तयार आहे. चिमणामावशी दारात आल्या आहेत, तांब्या काठोकाठ भरलाय. त्यांचा हात धरा. घट्ट धरा. त्यांनाही तेच हवंय.