सदाच्या खुणा मी खाल्ल्या नाहीत

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मी चोर नाही. ज्या पत्र्याच्या डब्याला तुम्ही रोज संध्याकाळी समुद्रकाठच्या पुळणीवर स्टंप म्हणून उभा करता, तोच मी. चेंडू लागतो त्याचा मला राग नाही. पण परवा तुमच्यातला एक जण म्हणाला, "ह्याच डब्यानं सदाबाबाच्या खुणा खाल्ल्या," आणि तुम्ही सगळे खो खो हसलात. ते मला फार झोंबले. म्हणून आज माझी हकिगत सांगतो. ती ऐका आणि मग काय ते म्हणा.

माझे तरुणपण अलिबागला गेले. कोर्टाच्या समोर एका अर्जनविसाच्या टेबलावर मी दहा वर्षे होतो. दर दसऱ्याला मला झेंडूची माळ घालत, हळदकुंकू लावत. चहाचा कप माझ्यापासून हातभर लांब ठेवायचा असा तिथे नियमच होता. पुढे मी हळू झालो. मग तोच मालक मला रेडा म्हणू लागला, पाठीवर थापा मारू लागला आणि एक दिवस त्याने मला जिन्याखाली ढकलले. तीन वर्षे मी तिथे केरसुण्यांच्या शेजारी पडून होतो. माणसांची माया माझ्या पुरती लक्षात आली ती तेव्हा.

तिथून मला मुरूडच्या कैसने उचलले. कैस बरीच वर्षे आखातात संगणक दुरुस्त करून परत आला होता आणि बाजारात त्याचे छोटे दुकान होते. त्याने माझ्या पोटातली धूळ काढली, जुनी जड प्रणाली पुसली आणि एक हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली. त्यामुळे माझा जीव वाचला, पण रूप गेले. माझ्या पडद्यावर चित्रे नाहीत, बटणे नाहीत. चालू केले की एक काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी एक रेघ. बस, एवढेच.

असा मी राहीकडे आलो. राही ही कोळीवाड्यातल्या सदाची मुलगी. वय बत्तीस, लग्न झालेले नाही. घराच्या ओटीवर बसून ती लोकांचे अर्ज लिहून द्यायची. रेशनकार्डाचे, होडीच्या परवान्याचे, रहिवासाचे. कैसने तिला मला कसे चालवायचे ते शिकवले.

"बघ राही, ह्याला नुसतं बोट दाखवून काय उघडत न्हाय. ह्याला हुकूम द्यावा लागतो. काळ्या खिडकीत पैले लिहायच्या खिडकीचं नाव टाक, मग तुझ्या कागदाचं नाव, आखिरला हे चिन्ह, आणि मग एन्टर. चिन्ह इसरलीस तर काळी खिडकी अडून बसते, दुसरं काय ऐकत न्हाय."

राहीने तसे लिहिले आणि काळ्या खिडकीतून एक पांढरीशुभ्र खिडकी उघडली. तिला इतका आनंद झाला की तिने ती तीनदा बंद करून तीनदा उघडली.

"आणि एक याद ठेव," कैस म्हणाला. "पांढरी निघते काळीच्या पोटातून. काळी बंद केलीस की पांढरीपण मरते. सेव्ह केलं नसशील तर लिहिलेलं सगळं गेलं. कोण परत आणून देणार न्हाय. आधी सेव्ह, मग बंद."

"म्हंजे आई मेली की पोर मेली."

"तसंच समज."

राहीने हे एकदाच ऐकले आणि कधी विसरली नाही. पाच वर्षांत तिच्या हातून माझ्यावरचा एकही अर्ज गहाळ झाला नाही. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण माझी सगळी फिर्याद यावर उभी आहे.

ती मला जपत असे. खारी हवा लागू नये म्हणून बापाच्या जुन्या लुंगीचे कापड माझ्यावर घालायची. मला ओटीवरून सगळे घर दिसायचे. आई नीराबाई पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची. धाकटा भाऊ चिराग होडीवर जायचा, पण तिथेही मोबाइल बघत बसायचा. आणि सदा. सदासारखा मासेमार या किनाऱ्यावर दुसरा नाही, असे त्याचे वैरीसुद्धा म्हणत.

त्याचे कारण त्याच्या खुणा. समुद्रावर पाट्या लावलेल्या नसतात. पाण्याखाली खडप, म्हणजे बुडालेला खडक, कुठे आहे, जाळे कुठे फाटेल, घोळ आणि रावस मासे कुठे जमतात, हे जुन्या लोकांना किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून कळते. समोरच्या पद्मदुर्ग किल्ल्याचा अमुक बुरूज टेकडीवरच्या देवळाखाली आला की थांबायचे, वजन सोडून पाण्याची खोली वावांत मोजायची, खाली वाळू लागली तर जाळे टाकायचे. सदाला अशा सत्तर-ऐंशी जागा ठाऊक होत्या. हल्ली होडीवर जागा दाखवणारे यंत्र असते. सदानेही ते घेतले, पण आपली एकही जागा त्यात घातली नाही. यंत्र आज आपल्या होडीवर, उद्या दुसऱ्याच्या हातात, असे तो म्हणायचा. काही खुणा तर आता फक्त त्याच्या डोक्यात होत्या, कारण ज्या माडांवरून त्या धरायच्या ते माड मोठ्या वादळात पडले होते. माड कुठे उभे होते ते सदालाच माहीत.

मग सदाच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले की जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल. आठ दिवसांनी ऑपरेशन. लिहिता न येणाऱ्या माणसाचा आवाजच जाणार, म्हणजे खुणाही जाणार. आयुष्यभर कोणाला काही न सांगणारा सदा तेव्हा कुठे राहीच्या समोर येऊन बसला.

"लिव्हून घे. चिरागसाठी."

राहीने काळ्या खिडकीत हुकूम लिहिला. लिहायच्या खिडकीचे नाव, मग 'खुणा', मग शेवटचे चिन्ह. पांढरी खिडकी उघडली आणि सदा बोलू लागला. घोगऱ्या, फाटक्या आवाजात, मध्ये मध्ये पाणी पीत. राही प्रत्येक ओळ लिहिताना ओठांत पुटपुटायची. "उत्तरेचा बुरूज देवळाखाली. बारा वाव. खाली वाळू." चार दिवस हे चालले. मी असे शहाणपण कधी ऐकले नव्हते. अर्जनविसाकडे मी दहा वर्षे फक्त भांडणे लिहिली होती.

पण मला एक गोष्ट खटकत होती. सेव्ह केले नसेल तर मी खिडकीच्या माथ्यावर नावापुढे एक बारीकसा तारा दाखवतो. पहिल्या दिवशी तो तारा तसाच राहिला. मला वाटले, बापाच्या आजारपणात विसरली. रात्री तिने मला चालूच ठेवले, आणि दुसऱ्या दिवशीही तारा तसाच. तिसऱ्या दिवशी भरदुपारी वीज गेली. माझ्या शेजारचा बॅटरीचा डबा कोकलू लागला. राहीने तरीही सेव्हची कळ दाबली नाही. वीज आली आणि सदा पुढे सांगू लागला. ताऱ्याकडे तिने एकदा पाहिले, हे मी पाहिले.

चौथ्या दिवशी सदा खुशीत होता. शेवटची जागा सांगून झाली आणि तो हसला.

"तुला आठवतं का ग? बारक्यापनी तू चोरून खुणा लिव्हल्या हुत्या. होडीत लपून बसली हुतीस. ती वही मी भरतीत टाकली, आन् तुझ्याकडनं सगळी होडी धुवून घेतली, बाईचा पाय लागला म्हणून. सगळा कोळीवाडा बघाया आला हुता. किती रडलीस तू!"

"आठवतं," राही म्हणाली.

"दोन महिने कुनाशी बोलली न्हाईस." सदाला खोकला येईपर्यंत हसू येत होते.

राहीने हात माझ्या कळांवरून उचलले. "बाबा, एक इचारू? ह्या खुणा चिरागला. चिराग होडीवर झोपतो. मला पाठ झाल्या ह्या चार दिसांत. मी जाऊ का होडी घेऊन?"

"तू?"

"व्हय. न्हायतर निदान कागदावर माझं नाव तरी घालू? सांगनारा सदा, लिव्हनारी राही."

मला वाटते, तेव्हा तिला खरोखर उत्तर हवे होते. तिची दोन बोटे सेव्हच्या कळांवर टेकलेली होती. मला तो भार जाणवत होता. नुसते दाबायचे राहिले होते.

"तुला काय कळतंय त्यातलं?" सदा म्हणाला. "तू पाटी उचलनारी. आज हितं, उद्या दुसऱ्याच्या घरी. चिरागला छापून दे आन् गप बस."

राहीने बोटे उचलली. ती शांतपणे काळ्या खिडकीकडे गेली आणि ती बंद करायला सांगितली. मी गप्प बसलो नाही, मित्रांनो. मी विचारले. आत एक काम चालू आहे, तरी बंद करू का, असे मी पडद्यावर ठळक अक्षरांत विचारले. याहून जास्त ओरडायची मला सोय नाही. तिने हो सांगितले. हो म्हटले की हो, आमच्या जातीला दुसरे काही शिकवलेले नाही. काळी खिडकी गेली, तिच्यासोबत पांढरी गेली आणि पन्नास वर्षांचा समुद्र पापणी लवायच्या आत गेला.

"झालं, बाबा," राही म्हणाली. सदाने समाधानाने मान हलवली. नीराबाईने आतून हाक मारली की आवरा, मुंबईची एसटी सुटेल. दोघे बापलेक हातात हात घालून स्टँडवर गेले.

तीन आठवड्यांनी सदा परत आला तो गळ्याला भोक घेऊन. आता त्याच्या तोंडून नुसती हवा निघे. चिराग ओटीवर आला आणि म्हणाला, "दे बघू कागद." राहीने त्याच्यासमोर तोच हुकूम दिला. मी पांढरी खिडकी उघडली. ती कोरी होती.

"ह्यानं खाल्लं," राही म्हणाली. "मशीन जुनं हाय."

चिरागने मला लाथ घातली. माझा एक कोपरा चेपलेला दिसतो ना, तो तेव्हाचा. मग कैसला बोलावून आणले. कैसने काळ्या खिडकीत मागचे हुकूम पाहिले. 'खुणा' उघडलेल्या त्याला दिसल्या, पण त्या नावाचा कागद माझ्या पोटात कुठेच नव्हता. तो पुसला गेलेला नव्हता, कधी सेव्हच झालेला नव्हता. त्याला सगळे कळले. त्याने राहीकडे पाहिले आणि राहीने त्याच्याकडे.

"जुना हाय," कैस हळूच म्हणाला. "होतं असं कधी कधी."

ज्याने मला जिन्याखालून काढले त्याने माझ्यावर हा डाग लावला. मला त्या लाथेपेक्षा हे जास्त लागले. त्याच दिवशी त्याने माझे आतले कामाचे तुकडे काढून घेतले आणि उरलेला डबा चिरागने पुळणीवर भिरकावला.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुळणीवरूनही मला दिसते. चिराग होडी घेऊन जातो आणि फाटके जाळे घेऊन येतो. पावसाळ्यानंतर आतापर्यंत चार वेळा खडपात अडकले. एकदा होडीची फळी फुटली आणि दोघे खलाशी गळ्याइतक्या पाण्यात होते. फाटलेले जाळे राही शिवते. माझ्या डब्यावर बसूनच शिवते. शिवताना तिचे ओठ हलत असतात. "उत्तरेचा बुरूज देवळाखाली. बारा वाव. खाली वाळू." ओळीमागून ओळ, एकही न चुकता. हे फक्त मला ऐकू येते.

गेल्या आठवड्यात सदा काठी टेकत तिथे आला. त्याने चिरागला खुणेने बसवले आणि काठीने वाळूत काढू लागला. किल्ला काढला, टेकडी काढली, पडलेला माड जिथे होता तिथे खड्डा केला. चिरागला ओ की ठो कळेना. सदाच्या गळ्यातून नुसती शिट्टी वाजत होती. शेवटी चिराग वैतागून उठून गेला.

सदाने काठी वाळूतून उचलली. मग त्याची नजर राहीच्या ओठांवर गेली. ते अजून हलत होते. त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपली काठी तिच्यापुढे धरली. तिने घ्यावी, वाळूत पुढचे काढावे, सांगावे, म्हणून. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते.

राहीने सुई जाळ्यात खोचली. उठली. काठी घेतली नाही.

"मला काय कळतंय त्यातलं, बाबा?" ती म्हणाली. "मी पाटी उचलनारी."

आणि तिने पायाने किल्ला पुसला, टेकडी पुसली, माडाचा खड्डा बुजवला आणि पुन्हा माझ्यावर बसून शिवायला लागली. सदा तिच्या पायाशी वाळूत बसून राहिला. भरतीचे पाणी त्याच्या लुंगीला लागले तेव्हा नीराबाई येऊन त्याला घेऊन गेली.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे डबे शेवटी सांगतात की आम्हाला जपा, धूळ झटका, पाणी लागू देऊ नका. माझे ते वय गेले. मला चेंडू मारा, खुशाल मारा. पण एखादी पोर तुमच्या मागे लपून काही शिकत असेल आणि तिच्या हातात वही दिसली, तर ती वही पाण्यात टाकू नका. पोरीला ते पाठ होते. वहीसुद्धा पाठ होते आणि टाकणारा हातसुद्धा.

आणि एवढे ऐकूनही घरी जाऊन कोणाला सांगायचेच असेल, तर राहीचे नाव घेऊ नका. सदाच्या खुणा जुन्या डब्यानेच खाल्ल्या, असे सांगा. त्या घरात आता चौघे आहेत आणि त्यांना एकत्र जेवायला बसायचे असते.