पाठीमागचे चिमटे

मासिकातल्या फोटोत कोट इतका झकास का बसतो, हे मला दादाने मी बारा वर्षांचा असताना सांगितलं होतं. त्या माणसाच्या पाठीमागे चिमटे लावलेले असतात. कपडे वाळत घालताना लावतो तसलेच. ढगळ कोट मागून गोळा करायचा, चार चिमटे ठोकायचे आणि फोटो पुढून काढायचा. "म्हणून पुढचं बघून भुलायचं नाही छोट्या," दादा म्हणाला होता. "कोट असो, कापड असो, पाठ बघावी." कापड घेताना आजही तो ते आधी उलटं करतो आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवतो.

आता मी एकेचाळीस वर्षांचा आहे आणि अजून छोट्याच आहे. आमचं शिवणकामाचं दुकान दहा बाय बाराचं. मधोमध कापायचं टेबल, भिंतीला दोन मशिनं, कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायल रूम. मागच्या जिन्याला सतरा पायऱ्या, वर घर. माझा जन्माचा प्रवास म्हणजे या सतरा पायऱ्या. पुढचं दार आहे, पण दाराशी दादाची खुर्ची आहे. रस्त्यावर पाऊल टाकायचं तर दादाच्या गुडघ्यांना वळसा घालूनच.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा वीस. त्याने कॉलेज सोडलं, कात्री हातात घेतली आणि मला वाढवलं. माझी शाळा त्याने निवडली, धंदा त्याने निवडला, सायकलचा रंगसुद्धा त्याने निवडला. माझं लग्न मोडलं, तेही त्याने पसंत केलेल्या मुलीशी ठरलेलं. एवढं असून दादा माझ्यावर कधी ओरडला नाही, हीच तर पंचाईत. ओरडणाऱ्या माणसाला सोडून जाता येतं. आधी आपल्याला वाढून मग जेवायला बसणाऱ्याला काय सांगून जाणार?

आणि मला जायचं होतं. कोटाच्या आतल्या खिशात आठ दिवस एक पत्र होतं. दूरच्या शहरात कोट शिवण्याचा मोठा कारखाना, तिथे मुख्य कटरची जागा, राहायला खोली. सोमवारपर्यंत कळवा, असं लिहिलं होतं. रोज सकाळी मी ठरवायचो, आज सांगायचंच. रोज संध्याकाळी पत्र होतं तिथेच असायचं आणि मी स्वतःला शिव्या घालत जिना चढायचो.

त्या शुक्रवारी वकीलसाहेब माप द्यायला आले. आमचं जुनं गिऱ्हाईक, तोंडाचं फाटकं. भिंतीवर चिकटवलेल्या कोटांच्या जुन्या चित्रांकडे बघून म्हणाले, "ह्यातली निम्मी माणसं आता आजोबा झाली असतील हो. मी हे बघून कोट निवडू?"

ते गेल्यावर दादाने मापाची टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "छोट्या, दुकानात एक मासिक लावू या. पुरुषांचं असतं ना, कपड्यांबिपड्यांचं, तसलं. पण नुसती चित्रं नकोत. वाचण्यासारखं हवं."

"आपल्याकडे वाचतंय कोण?"

"तू वाचतोस की. तूच निवड. मी मध्ये तोंड घालणार नाही."

मी बघतच राहिलो. गेल्या बत्तीस वर्षांत दादाने मला बटणाचा रंग निवडू दिला नव्हता. आणि निवडायला दिलं काय, तर दुकानात बसून वाचायचं मासिक! पिंजऱ्यातल्या पोपटाला विचारावं, बाबा रे, वाटी कुठली हवी तुला? मला हसू आलं आणि रागही आला.

कोपऱ्यावरचा पेपरवाला ओळखीचा. त्याने चार मासिकं एका दिवसाच्या बोलीवर दिली. "पान दुमडलंस तर गळ्यात मारीन," म्हणाला. ती घेऊन मी ट्रायल रूममध्ये शिरलो आणि पडदा ओढून स्टुलावर बसलो. घरात एकटं बसायला तेवढी एकच जागा आहे.

पहिल्या मासिकात घड्याळं आणि मोटारी होत्या, आणि जे पुरुष होते त्यांच्या अंगावर शर्टच नव्हते. पोटाचे सहा कप्पे दाखवत उभे. तिथे शिंप्याचं काय काम? दुसऱ्यात अत्तरं, दाढीचं तेल आणि दाढीच्या तेलावर मुलाखत. ती मी अर्धी वाचली, त्या माणसाची दाढीच मला दिसेना. तिसऱ्यात सल्ले होते. 'चाळिशीतल्या पुरुषाने करायलाच हव्यात अशा दहा गोष्टी.' एकट्याने लांबचा प्रवास करा. नोकरी बदला. अनोळखी शहरात वर्षभर राहा. लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातंय लिहायला! तरी ते पान मी तीनदा वाचलं. दहापैकी माझी एकही झाली नव्हती.

चौथं मासिक बारीक होतं, कागद बिनचकाकीचा. त्यात एका म्हाताऱ्या कारागिराने कॉलर कशी बसते यावर चार पानं लिहिली होती. एकाने बापाचा कोट स्वतःच्या मापाचा करून घेतला, त्याची हकिगत होती. ती वाचताना मी पत्रसुद्धा विसरलो. आणि त्यात कोटांचे फोटो मागून काढलेले होते. पाठ दाखवणारं मासिक मी पहिल्यांदाच पाहत होतो. हेच घ्यायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

बाकीची परत द्यायला गोळा करत होतो, तेव्हा दाढीच्या तेलवाल्यात एक फोटो दिसला आणि मी एकटाच खो खो हसलो. राखाडी कोट घातलेला एक देखणा पुरुष ऐटीत उभा. पुढून कोट असा की नजर लागावी. पण फोटो काढणाऱ्याचं भान सुटलं होतं. मागच्या भिंतीवर आरसा होता आणि त्यात त्या गड्याची अख्खी पाठ दिसत होती. पाठीच्या कण्यावरून खाली ओळीने पाच चिमटे, मधला तर लालभडक! असला फोटो शिंप्याला जन्मात एकदा मिळतो. दादा हसून हसून खोकणार, डोळे पुसणार, पुन्हा बघायला मागणार. तो असा हसला की त्याला काहीही सांगता येतं. तेवढ्यात पत्राचं सांगून टाकायचं.

मी मासिक त्याच्या मांडीवर उघडून ठेवलं. "दादा, हा कोट बघ जरा."

दादाने पान जवळ घेतलं, मग लांब धरलं. मान थोडी तिरकी केली. मी हसायच्या तयारीत उभा.

"वा," दादा म्हणाला. "छान बसलाय."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "आरशात बघ ना. मागच्या."

"बघितलं की. पाठीत एक सुरकुती नाही. कोणी शिवलाय रे?"

दादा गंभीरपणे पानाकडे बघत होता, आणि आता माझ्या लक्षात आलं की तो पानाच्या थोडं बाजूला बघत होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वहिनी चहाचे कप घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणाल्यासारखी.

"आहे कुणीतरी मोठा कारागीर," मी म्हणालो.

चहा ठेवून वहिनी वर गेली. मी साखर कमी पडल्याचं निमित्त करून तिच्या मागे सतरा पायऱ्या चढलो.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं, भाऊजी. एक डोळा गेलाच. दुसऱ्याने कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकलं तरी नशीब."

मग मला एकेक आठवायला लागलं. वहिनी रोज सकाळी दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवते, मला वाटायचं नवऱ्याचे लाड चाललेत. खडूच्या धुळीने दादाला खोकला येतो म्हणून कापडावरच्या खुणा मी करायच्या. गेल्या महिन्यात वकीलसाहेबांच्या कोटाचा एक खांदा अर्धा इंच खाली आला, तेव्हा वयाने हात सैल पडला म्हणून मी मनातल्या मनात दादाला नावं ठेवली होती आणि गुपचूप तो खांदा उसवून पुन्हा बसवला होता. वर्षभर शेजारी बसून मला काही कळलं नाही. मीच आंधळा.

"मला का नाही सांगितलंत, वहिनी?"

"शपथ घातली होती ह्यांनी. म्हणाले, छोट्याला कळलं तर तो आतून कडी लावून बसेल." तिने साखरेचा डबा माझ्या हातात दिला. "आणि तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. कोट इस्त्रीला घेतला तेव्हा खिशात सापडलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग रात्रभर कूस बदलत होते."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. आधी न सांगता अडकवून ठेवलं, आता न सांगता सोडतायत. माझ्या जाण्याचं मापसुद्धा ह्यांनीच घ्यायचं?

मी खाली आलो. दादाने खुर्ची दारातून बाजूला घेतली होती. कधी नव्हे ते दार मोकळं होतं आणि रस्ता उंबरठ्यापासून पलीकडच्या वळणापर्यंत सरळ दिसत होता.

"निवडलंस का?" त्याने विचारलं.

"हो. बारकं आहे. पण वाचण्यासारखं आहे."

"मग वर्गणीचा फॉर्म असेल बघ आत. भर आत्ताच. नाव तुझं लिही."

मी टेबलावर फॉर्म ठेवला आणि नाव लिहिलं.

"पत्ता कोरा ठेव," दादा म्हणाला. आवाज अगदी साधा, जसं काही बाहीची लांबी सांगतोय. "तू जिथे असशील तिथला घालू. खोलीचा नंबर वगैरे कळला की. पहिल्या दिवशी नव्या जागी माणसाला कोणी ओळखत नाही. निदान आपल्या नावाचं काहीतरी दारात पडावं."

नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून ज्या वाक्याची मी वाट बघत होतो ते दादा म्हणाला होता, आणि ऐकायला मी एक तास उशिरा आलो होतो. चिमट्यांचा फोटो दाखवायचा राहिला असता, तर हे ऐकून मी उद्या गाडीत असतो. दार सताड उघडं होतं आणि माझे पाय टेबलाखालून हलत नव्हते. जायचं होतं मला, खरंच फार जायचं होतं.

पेन उचललं आणि पत्त्याच्या ओळीवर लिहिलं. दुकानाचं नाव, गल्ली, नंबर. दाबून लिहिलं, म्हणजे नंतर मलाच खोडता येऊ नये.

"कोरा ठेवलास ना?"

"हो."

"आण इकडे. वहिनी टाकेल पेटीत, तू पत्ता कळवलास की."

मी फॉर्म त्याच्या हातात दिला. दादाने तो नुसता धरला नाही. कापड घेतो तसा आधी उलटा केला आणि मागच्या बाजूवरून सावकाश अंगठा फिरवला. नावाच्या ओळीवरून अंगठा गेला, मग खाली उतरला. पेन जिथे दाबलं होतं तिथे कागद मागून फुगला होता. एक ओळ, दुसरी ओळ. अंगठा तिथेच थांबला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो माझ्या थोडं बाजूला बघत होता.

"कोराच आहे," दादा म्हणाला. त्याने फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली, आणि चाचपडत खुर्ची ओढून पुन्हा दारात घेतली.